छंद विचारू नका, पुस्तक मागा

निवृत्त बालसाहित्यिकाला विचारायचे प्रश्न आपल्याकडे ठरून गेले आहेत. सकाळी किती वाजता उठता? बागकामाची आवड आहे का? नातवंडांना रोज गोष्ट सांगत असालच? आणि शेवटी, मान किंचित तिरकी करून, 'हल्ली काही लिहिता की नाही?' कादंबरीकाराला कोणी असे विचारत नाही. त्याला समाजस्थितीविषयी विचारतात, जाणिवांविषयी विचारतात. समीक्षकाला तर विचारावेच लागत नाही, तो आपणहून सांगतो. मुलांसाठी लिहिणाऱ्याला मात्र छंद विचारायचे. कारण उघड आहे. त्याचे लिहिणे हाच आपल्या लेखी एक छंद असतो. पोस्टाची तिकिटे जमवण्यासारखा, निरुपद्रवी, घरच्यांना फारसा त्रास न देणारा.

मी मुरारचा. ग्वाल्हेरच्या कुशीतले हे मुरार एके काळी इंग्रजांची छावणी होते. १८८६ साली ते शिंदे सरकारांकडे परत आले. इथेच नोकरी केली, आणि रात्री जेवणे उरकल्यावर दिव्याखाली बसून चाळीसेक वर्षे मुलांसाठी मराठीत लिहिले. नोकरीतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षे झाली. लिहिण्यातून निवृत्त झाल्याचे मला अद्याप कोणी लेखी कळवलेले नाही. तरी समाजाच्या कार्यक्रमात माझी ओळख 'निवृत्त बालसाहित्यिक' अशीच करून देतात, आणि मी उठून नमस्कार करतो.

या लेखात मला भांडायचे आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळीच्या फराळासोबत भांडण नको असे संपादकांना वाटले, तर त्यांनी लेख खुशाल परत करावा. परतीचे पाकीट सोबत जोडले आहे. भांडण हिंदीशी नाही, कानडीशी नाही, तेलुगूशी नाही. सरकारशीही मुख्यतः नाही. ते आपल्याशीच आहे. मुरार, इंदूर, बऱ्हाणपूर, बिदर, भालकी, निपाणी, आदिलाबाद इथल्या आपल्या मराठी घरांशी. म्हणणे एकच. दोन भाषांच्या मुलखात मराठी टिकायची असेल तर ती मुलाच्या हातातल्या पुस्तकात टिकेल, आणि ते पुस्तक त्या मुलाच्या गावचे, त्याच्या तोंडच्या मराठीतले असले पाहिजे. असे पुस्तक लिहिणे हे काम आहे. त्याला छंद म्हणण्यात आपली सोय आहे, कारण छंदाला दाम द्यावा लागत नाही, जागा द्यावी लागत नाही आणि त्याचा जाबही विचारावा लागत नाही.

छंद विचारलेच आहेत तर तेही सांगतो. पूर्वी पाचला उठत असे, आता गुडघे म्हणतील तेव्हा उठतो. सात नंबर चौराह्यापर्यंत जाऊन येतो. येताना भाजी मीच आणतो. त्यावरून घरात रोज बोलणी खातो. गच्चीवर कुंड्यांत तुळस आहे, गवती चहा आहे, आणि एक लिंबाचे झाड आहे, ज्याला लिंबू लागत नाही पण आमची आशा सुटत नाही. जुनी शाईची पेने दुरुस्त करतो. दुपारी शब्दकोडे सोडवतो. हे सगळे खरे आहे, छापायला माझी हरकत नाही. मात्र यातून माझ्याविषयी काही कळेल असे समजू नये.

खरा उद्योग दुपारी चारनंतरचा. माझ्याकडे एक वही आहे. दोन घरांत दोन अर्थांनी नांदणारे शब्द मी तीत टिपून ठेवतो. 'शिक्षा' घ्या. शेजारच्या हिंदी घरात शिक्षा म्हणजे शिक्षण, आमच्या घरात शिक्षा म्हणजे छडी. आमच्या राज्यातल्या 'शिक्षा मंत्री' या पदाचे नाव मराठी मुलाने वाचले की त्याला वाटते, हा माणूस दिवसभर कोणाकोणाला कोंबडा करून उभा करत असेल. 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'संशोधन' म्हणजे तिकडे दुरुस्ती, इकडे शोध. 'यंत्रणा' आमच्याकडे राबते, तिकडे ती भोगावी लागते. 'आई' तर तिकडे नुसती येते आणि जाते. आणि 'खाली'! 'डबा खाली आहे,' असे मुलगा म्हणतो. आई जिना उतरून खाली जाते, डबा शोधते. डबा वरच असतो, मुलाच्या हातात, पण रिकामा. आता यावर सहा वर्षांच्या पोराला पोट धरून हसताना ज्याने पाहिले आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. हा विनोद पुण्याच्या मुलाला समजावून सांगावा लागतो. तो आमच्या मुरारच्या मुलाचा आहे, त्याच्या दोन भाषांच्या कमाईचा आहे.

आपण नेमकी हीच कमाई मुलाच्या नावावर तोटा म्हणून मांडतो. 'आमच्या बंटीचे मराठी कच्चे आहे हो,' असे पाहुण्यांसमोर सांगतो. मुलगा 'मी पुस्तक वाचली' म्हणाला की सगळे हसतात. का बरे वाचली? हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. पोर दोनाच्या घरातून तिनाच्या घरात उडी मारते आहे, आणि बहुतेक वेळा पायावर उभे राहते आहे. त्याच्या एका घसरण्यावर आपण हसतो, ते पुढच्या खेपेला उडीच मारत नाही. दोन-चार वर्षे असे हसून झाले की मुलगा आजीला हिंदीत उत्तर देऊ लागतो. मग आपण मंडळाच्या सभेत 'नव्या पिढीची मराठीविषयी अनास्था' या विषयावर परिसंवाद ठेवतो, चहासहित.

आमच्या घरातलेच उदाहरण देतो, कारण ते हाताशी आहे. सूनबाई भिंडकडची. माहेरी मराठीचा गंध नाही. लग्नानंतर तिने मराठी ऐकून ऐकून उचलली. नातवाला रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवते ती तीच. चिरंजीव आमचे, अस्सल मराठी रक्ताचे. त्यांना वाचायला सांगितले तर म्हणतात, 'बाबा, माझे उच्चार बरोबर नाहीत, पोरगा चुकीचे शिकेल.' सूनबाईला अशी लाज नाही, कारण तिच्या उच्चारांवर लहानपणी कोणी हसलेले नाही. 'ळ' तिला अजून नीट येत नाही. 'फळ' वाचताना 'फल' होते. नातू तिला दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीच्या आनंदात स्वतः 'ळ' घोटून घोटून शिकला आहे. चुकत वाचणारी आई ही न वाचणाऱ्या बापापेक्षा मराठीची जास्त सेवा करते, हे मी रोज रात्री पाहतो.

सीमाभागातल्या वाचकांना इथे एक फरक सांगितला पाहिजे. तुमच्याकडे बेळगाव-बिदरच्या मुलाला शाळेची लिपी वेगळी आणि घरची वेगळी. मराठी वाचायची तर आधी अक्षरे शिकवा, मग शब्द. आमच्याकडे लिपी एकच. हिंदी शाळेत जाणारे मुरारचे मूल पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतच मराठी पुस्तक उघडून बरेचसे वाचू शकते. 'ळ' आणि 'दुसऱ्या'तला तो वरचा अर्धा 'र' एवढाच अडसर. चार दिवसांचे काम. एवढी सोय असूनही आमच्या घरांत मराठी पुस्तक नाही. तुम्हांला अक्षर आडवे येते, तरी तुमच्यात मराठी शाळेसाठी मोर्चे निघाले. आम्हांला काहीच आडवे येत नव्हते, म्हणून आम्ही काही केले नाही. एक लिपी हे आमचे सुख होते, त्यानेच आमचा घात केला.

कोणी म्हणेल, पुस्तके आहेत की हो; महाराष्ट्रातून मागवा. मागवतो. मीही मागवली, वाटलीही. 'किशोर' मासिक महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केले, ते आजही निघते. जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. ज्या घरात ते पोहोचले नाही, त्या घराने गरिबीचे कारण सांगू नये. पण मागवलेल्या पुस्तकांत एक उणीव राहतेच. त्यांत आमचा मुलगा नसतो.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या रस्त्यांवर सायकल दामटणारा. त्याला पत्ता आहे. शाळा आहे, गल्ली आहे, गाव आहे. म्हणून तो खरा वाटतो आणि म्हणूनच २००१ साली भागवत गेल्यानंतरही तो राहिला. २०१७ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, त्यात खुद्द भागवतांनाही एक पात्र म्हणून आणले गेले. मला त्या सिनेमाचे कौतुक आहे. पण माझ्या मुरारच्या पोराला मराठी पुस्तकात पत्ता कोणता? त्याच्या गोष्टीत दहीहंडी येते, लोकल येते, कोकणातल्या आजोबांचा माड येतो. टेम्पोत सहाच्या जागी नऊ जण बसून महाराजबाड्याला जाणे येत नाही. ग्वाल्हेरचा मेळा येत नाही, जो १९०५ पासून भरतो. मे महिन्याची लू येत नाही, जिच्यापायी खिशात कांदा ठेवून पोरे शाळेत जातात. मुलगा मराठी पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: मराठी ही दुसऱ्यांच्या गावची भाषा आहे, आपण तिच्यात पाहुणे आहोत.

हे आपोआप होत नाही, केले जाते. महाराष्ट्रातल्या एका प्रकाशनाकडे मी एकदा गोष्ट पाठवली. नाव सांगत नाही, त्याने काही साधत नाही. गोष्टीतला मुलगा सात नंबर चौराह्यावर गजक विकणाऱ्या आजोबांना मदत करतो. छापून आली तेव्हा चौराह्याचा चौक झाला होता आणि गजकाची चिक्की झाली होती. 'आमच्या वाचकांना कळावे म्हणून,' असे उत्तर आले. आता चिक्की म्हणजे पाकात दाणे ओतून थापलेली वडी. गजक म्हणजे गुळाचा पाक खुंटीला अडकवून, ओढून, तो फिका पडेपर्यंत ताणायचा, भाजल्या तिळांत मिसळायचा आणि लाकडी मोगरीने कुटत कुटत पदर काढायचे. दोहोंत पुरणपोळी आणि पराठा यांत असावे तेवढे अंतर आहे. २०२३ साली मुरैनाच्या गजकाला भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारने जी ओळख दिली, ती मराठी संपादकाच्या टेबलावर पुसली गेली होती. गोष्टीतला मुलगा कुटत होता गजक, आणि वाचक समजत होता चिक्की. मग तो कुटतो का, हेच कोणाला कळले नसेल!

मला सांगा, पुण्याच्या मुलाला गजक कळत नाही म्हणून ती काढायची, तर मुरारच्या मुलाला माड कळत नाही म्हणून माड का काढत नाही? आमच्या मुलांनी न पाहिलेले समुद्र वाचायचे, त्यांच्या मुलांनी न खाल्लेली गजकही वाचू नये? भाषा मोठी होते ती अशा न खाल्लेल्या पदार्थांनीच.

शुद्धतेचा प्रश्न इथे येतोच, तो टाळत नाही. माझ्या गोष्टींतला मुलगा 'मी येऊन राहिलो' म्हणतो. 'आजोबा, तुम्ही कुठे चालले गेले होते?' असे विचारतो. हे पुण्याचे मराठी नाही. पण हे मराठीच आहे. मराठी क्रियापदांचे, मराठी प्रत्ययांचे, हिंदीच्या शेजाराने वळण बदललेले. कोकणातला मुलगा गोष्टीत कोकणीमिश्रित बोलला तर त्याला प्रादेशिक रंग म्हणतात. वऱ्हाडातला बोलला तर अस्सलपणा म्हणतात. आमचा बोलला की अशुद्ध! निवेदन प्रमाण भाषेत असावे, हे मलाही मान्य आहे. मुलाला पुढे जायचे आहे, त्याला ती वाट दिसली पाहिजे. पण गोष्टीतल्या पोराच्या तोंडून त्याची स्वतःची बोली काढून घेतली, तर वाचणाऱ्या पोराला त्या वाटेवर पहिले पाऊलच टाकता येत नाही.

आणि आम्ही इथे उपरे नाही, हेही एकदा ठणकावून सांगितले पाहिजे. भा. रा. तांबे याच ग्वाल्हेर संस्थानात, मुंगावलीला, १८७३ साली जन्मले. ग्वाल्हेरचे राजकवी झाले. १९४१ साली ग्वाल्हेरातच गेले. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, आणि संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती इथेच, कुसुमावती देशपांडे. याच संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली एका मराठी घरात गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. ते हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी आणि समीक्षक झाले. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एक घर, दोन भाऊ, दोन भाषा, दोन्हींत नाव. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, असे सांगणाऱ्या प्रत्येक पालकासमोर मी या दोन भावांना उभे करतो. गजानन मुक्तिबोधांनी एक लेख लिहिला आहे. आपल्याला प्रेमचंदांचा भक्त आपल्या आईने बनवले, असे ते त्यात सांगतात. शाळेने नव्हे, मंडळाने नव्हे, आईने. आपण मात्र ते काम कोणावर तरी सोपवायला निघालो आहोत, आणि तो 'कोणी तरी' सापडत नाही.

सरकारकडे बोट दाखवणाऱ्यांनाही दोन शब्द. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. ते कलम सीमाभागातल्या प्रत्येक पालकाला तोंडपाठ हवे, त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण घटनेचे कलम रात्री नऊ वाजता पोराच्या उशाशी बसून गोष्ट वाचत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याकडेही पेढे वाटले, मीही खाल्ला. दोन हजार वर्षांपूर्वीचे पुरावे आपण शोधून काढले याचा अभिमान आहेच. पण सात वर्षांचा वाचक शोधायला कोणी निघालेले दिसत नाही, आणि पुढच्या दोन हजार वर्षांचा पुरावा तोच आहे.

आता शालीकडे वळतो. माझ्याकडे अकरा शाली आहेत. ग्वाल्हेरची थंडी कडक असली तरी एका माणसाला अकरा शाली लागत नाहीत. श्रीफळे किती फोडली याची मोजदाद नाही; चटणीला कामी आली. प्रत्येक सत्कारात 'बालसाहित्य हा भाषेचा पाया आहे' असे वाक्य आले, टाळ्या आल्या, आणि कार्यक्रमानंतर दाराशी मांडलेल्या पुस्तकांच्या टेबलापुढून सगळे पाया ओलांडून घरी गेले. ज्या मंडळाला शाल घेता येते त्याला पुस्तके घेता येतात. एका बऱ्या शालीच्या पैशांत मुलांची पाच-सहा पुस्तके सहज येतात. सत्कारमूर्तीला गार वाटले तर त्याने घरून स्वेटर घालून यावे.

बालसाहित्य हा पाया आहे, हे मराठीने एकदा खरे करून दाखवलेले आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' काढले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' काढला, आणि त्याच आपट्यांनी 'शब्दरत्नाकर' हा कोश रचला, मराठीचे वाक्प्रचार आणि म्हणी गोळा केल्या. मुलांचे मासिक चालवणारा आणि भाषेचा कोश करणारा माणूस एकच होता, कारण ती दोन कामे नव्हतीच. आज कोशकाराला आपण विद्वान म्हणतो आणि मुलांच्या लेखकाला विचारतो, बागेत काय लावलेत?

निवृत्तीचेही तेच. रवींद्रनाथांनी 'सहज पाठ' ही बंगाली मुलांची अक्षरओळखीची पुस्तके काढली १९३० साली. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि नोबेल मिळून सतरा वर्षे झाली होती. आयझॅक बाशेविस सिंगर यांनी मुलांसाठी पहिले पुस्तक साठी ओलांडल्यावर, १९६६ साली प्रसिद्ध केले, आणि त्यातल्या गोष्टी लिहिल्या होत्या यिडिशमध्ये. ज्या भाषेचे लाखो बोलणारे युद्धात मारले गेले होते आणि उरलेल्यांची मुले अमेरिकेत इंग्रजी बोलू लागली होती, त्या भाषेत. स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडग्रेनबाई प्रकाशनातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, वर्तमानपत्रात एक परीकथा लिहितात. लेखिकेला १०२ टक्के कर भरावा लागतो अशी ती कथा. देशभर चर्चा पेटते आणि त्याच वर्षी चाळीस वर्षांहून अधिक काळ सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरतो. एका गोष्टीने सरकार पडले असे मी म्हणत नाही. पण त्या देशात मुलांची म्हातारी लेखिका बोलली तर अर्थमंत्र्याला उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे तिला विचारले असते, लोकर विणता का?

'मुले हल्ली मोबाइलच बघतात, पुस्तक कोण वाचतो?' हा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात येतो, आणि तो करणाऱ्याच्या स्वतःच्या हातात मोबाइल असतो. मुले बघतात ते खरे. पण आमच्या घराघरांत एके काळी 'चांदोबा' येत असे, ते आठवा. मद्रासहून १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेले ते मासिक पुढे मराठीतही निघाले, हिंदीत 'चंदामामा' म्हणून निघत होतेच. गोष्ट तीच, चित्रे तीच. शेजारचा हिंदी मुलगा आणि आमचा मुलगा ओट्यावर शेजारी बसून दोन अंक लावून वाचत. एकाला राक्षसाचे नाव कळले की दुसऱ्याला चित्रावरून शब्द कळे. दोन भाषांच्या मुलखाला याहून चांगली शाळा मी पाहिली नाही. २०१३ च्या सुमारास ते बंद पडले. त्याच्या जागी आपण काय ठेवले? काही नाही. रिकाम्या जागेत मोबाइल शिरला. त्याला दोष देण्याआधी जागा रिकामी कोणी ठेवली ते पाहू.

टीका करून मोकळे होणे सोपे आहे, म्हणून मागणेही मांडतो. तीन आहेत, तिन्ही खिशाला परवडणारी.

पहिले संपादकांना. दोन भाषांच्या जिल्ह्यांतून निघणाऱ्या प्रत्येक दिवाळी अंकाने सोळा पानांचा एक फॉर्म मुलांना द्यावा. मधून सोडवून वेगळा काढता येईल असा. टाइप मोठा, चित्रे स्थानिक मुलांनी काढलेली, गोष्टी त्याच जिल्ह्यातल्या. बिदरच्या अंकात किल्ल्यातली पोरे बोलू देत, निपाणीच्या अंकात तंबाखूच्या वखारीजवळची, बऱ्हाणपूरच्या अंकात तापीकाठची. जिथे लिपी वेगळी आहे तिथे एक गोष्ट दोन्ही लिप्यांत समोरासमोर छापावी. कानडी शेजाऱ्याच्या मुलानेही ती वाचली तर आपले काही कमी होत नाही.

दुसरे मंडळांना. पाच वर्षे शाल-श्रीफळ बंद. त्या पैशांची पुस्तके घ्यावीत, आणि ती मंडळाच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. कुलपातल्या पुस्तकाला वाळवी वाचते. ती घरोघर फिरावीत. फाटली तर आनंद मानावा.

तिसरे घरांना, आणि हे सर्वांत अवघड. रोज रात्री पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा. उच्चार चुकोत, अडखळा, सुनेने वाचावे, जावयाने वाचावे, हिंदी माहेरच्या बाईने वाचावे, कानडी शाळेत शिकलेल्या बापाने वाचावे. मूल चुकले तर हसू नका. वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणा आणि पुढे चला. आणि घरात साठी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांच्याकडून एक गोष्ट लिहून घ्या: आपल्या गल्लीची, आपल्या नदीची, पहिल्या दिवशी शाळेत हिंदी कळेना तेव्हा काय झाले त्याची. वहीच्या दोन पानांत मावेल एवढी. ती छापली जाईल की नाही याची काळजी करू नका. नातवाच्या हाती पडली की ती प्रसिद्ध झाली.

आता नातू माझ्या वहीत डोकावू लागला आहे. परवा त्याने स्वतः एक शब्द आणून दिला. शाळेत बाई म्हणाल्या, 'आज मैं बहुत व्यस्त हूँ.' त्याने गणितात 'व्यस्त प्रमाण' माझ्याकडून मराठीत ऐकले होते. 'आजोबा, बाई उलट्या प्रमाणात आहेत म्हणजे काय?' असे त्याने विचारले. मी शब्द टिपून घेतला, खाली त्याचे नाव घातले. त्याची गोष्ट लिहायला घेतली आहे. ती कोणत्या अंकाला द्यायची एवढाच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न मी, वाचकहो, तुमच्या दारात आणून ठेवतो आहे.